डाव्या बाहीला दोन सूत

सावद्याच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सला लागून
माझं दुकान. पाटीवर अजून ‘सूट स्पेशालिस्ट’,
जरी वर्षाला सूट होतात चार,
तेही नवरदेवांचे,
ज्यांना कोट एकदाच घालायचा असतो
म्हणून काहीही चालतं.

ही आली मे महिन्यात, भर दुपारी,
फालकांची तेजल. केळी परदेशी पाठवते.
म्हणाली, काका, ब्लेझर शिवायचाय. मुंबईला मीटिंग,
दुबईचे लोक येणारेत.
बाईमाणसाचा कोट मी कधी कापला नव्हता.
ते बोललो नाही. गळ्यातला टेप काढला.

खांदा साडेचौदा. बाही तेवीस.
मनगटाशी टेप अडला.
काळा चौकोन, काडेपेटीच्या जाडीचा.

पूर्वी प्रत्येकाला विचारायचो, घड्याळ कोणत्या हातात?
त्या बाहीला एक सूत जास्त सोडायचो.
कुणाला कळायचं नाही. कळू नये म्हणूनच सोडायचं असतं.
स्टेशनमास्तर, सर्कल, शाळेतले बेंडाळे सर,
त्यांची घड्याळं चपटी,
अस्तराखालून मासोळीसारखी सरकायची.
हा प्रश्न मी विचारायचं कधी सोडलं
ते आठवत नाही.

“त्या दिवशी काढून ठेवू का हे?
भाऊ म्हणतो, कोटावर शोभत नाही,
पळायला जायचं घड्याळ ते.
आईचं सोनेरी घाल म्हणे, बारीक पट्ट्याचं.”

मले काय समजतं माय, म्हटलं मी.
मनात म्हटलं, भावाचं खरं आहे.
कोट म्हणजे झाकपाक.
उतरत्या खांद्याला पॅड, सुटल्या पोटाला बटण,
आणि हे म्हणजे
पंगतीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर हेल्मेट.

तेवढ्यात ते थरथरलं,
माझ्या बोटांखालीच.
तिनं मनगट वळवलं, बघितलं,
फोन लावला:
“इद्रिसभाई, कुठे पोचले? कसारा?
कंटेनर सोळावर गेलाय. थांबा. जनरेटर बघा. आत्ता.”

मग आम्ही नुसते उभे. तिचा हात लांब केलेला,
टेपचं टोक माझ्याकडे.
बाहेर शेहेचाळीस. कूलर नावाला आवाज करत होता.
पोरानं, दिन्यानं, मशीन थांबवलं, तोही आला बघायला.
सोळा. सोळाच.
चहा सांगितला. पंधरा-आठ.
चहा आला, साय धरली, कुणी प्यायलं नाही.
घाटात कुणीतरी काहीतरी ठोकत असणार,
आणि इथे सावद्यात
एका पोरीच्या मनगटावर
नऊशे पेट्या हळूहळू थंड होत होत्या.

तेरा व्हायला पाऊण तास गेला.
तिचे खांदे खाली आले.
परत मापला, तर खांदा चौदा भरला.
वहीत खोडून लिहिलं.

मग तिला सांगितलं, जे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
थोरलीच्या साखरपुड्याला, फैजपूरला,
नवा सफारी घालून व्याह्यांच्या शेजारी बसलो
तो गळ्यात टेप तसाच.
सकाळी दोन गिऱ्हाइकं उरकून निघालो होतो.
बायको लांबून खुणा करत होती,
मले वाटलं, जिलबी वाढा म्हणते.
सगळ्या फोटोंत आहे तो, पिवळाधम्मक, साठ इंच,
व्याह्यांच्या उपरण्याहून लांब.
व्याही तेव्हा काही बोलले नाहीत.
दिवाळीआधी कापड घेऊन आले.

तेजल हसली नाही. म्हणाली, म्हणजे घालू?

मी लिहिलं: डावी बाही, दोन सूत जास्त.
उजवी आहे तशी.
थोडा फुगवटा येईल कापडाला, इस्त्रीनं जाणार नाही.
जाणकार असेल तो म्हणेल, शिंप्यानं घोळ घातला.
म्हणो.

गुरुवारी ट्रायल, म्हटलं.
घड्याळ घालूनच ये.
अन् चार्ज करून आण.