पंचनाम्याआधीचं पाणी

पहिली वाम वर आली रात्री अडीचला.
सदलग्याच्या घाटावर, तिसऱ्या पायरीवर,
पाणी सोडून दगडावर.
बाळाक्का म्हणाली, सर मागं, जनावर हाय.
बॅटरी मारली. जनावर नव्हतं.
मागं अख्खी दूधगंगा उकळल्यासारखी,
आणि हात घातला तर गार.
तोंडंच तोंडं. रोहू, कटला, शिंगटा,
वरच्या बोटभर पाण्यात हवा हुडकणारी.

वास काकवी करपल्याचा.
त्याच्या खाली आणखी एक,
त्याला आमच्यात शब्द नाही.

संस्थेचं रजिस्टर माझ्याकडं असतं,
म्हणून फोनही मलाच लावावे लागतात.
चिकोडीला लावला: सकाळी बघू.
नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या राज्यात लावला.
त्यांनी विचारलं, मेलेले मासे कुठल्या हद्दीत आहेत?
म्हटलं, अजून मेले नाहीत साहेब.
येताहेत.

तोवर दुंडाप्पानं होड्या साखळीनं एकात एक बांधल्या,
कुणी जाळं टाकू नये म्हणून.
टाकलं असतं तर पोत्यानं भरलं असतं,
आणि दिवस बाजाराचा.
मोह झाला नाही असं मी लिहिणार नाही.
बाळाक्कानं टोपली पालथी घातली, तिच्यावर बसली,
उजाडेपर्यंत उठली नाही.

मी घरात पळाले. हाताला लागली
पोराची शाळेची बाटली, हिरव्या झाकणाची.
गळ्यापर्यंत भरली.
चिकटपट्टीवर वेळ लिहिली: २.५०.

साहेब आले दुपारी तीनला.
मधेच कुणीतरी वरचे दरवाजे उघडले होते,
नदी न्हाऊन बसल्यागत.
त्यांनी मोजून अर्धा लिटर घेतलं, लाख लावली,
पंचनामा कानडीत वाचला, मराठीत समजावला.
दोन्हीत पाणी स्वच्छ होतं.

मी बाटली पुढं केली.
माणूस वाईट नव्हता. झाकण काढून हुंगली,
डोळे मिटले, थोडा वेळ मिटलेलेच ठेवले.
मग म्हणाले, ताई, हिला सील नाही.

संध्याकाळी चुना टाकून पुरले.
अकराशे किलोंपर्यंत मोजले, पुढं काटाच नको वाटला.
रजिस्टरला रकाने दोन, आवक आणि विक्री.
मी पट्टी घेऊन तिसरी रेघ मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना, तसंच ठेवलं.

मरळ तेवढ्या वाचल्या.
त्यांना बाहेरची हवा घेता येते.
काठाच्या चिखलात पडून
आमच्याकडं बघत होत्या.

पोराला दुसरी बाटली घेऊन दिली.
ती फळीवर आहे, मिठाच्या डब्यामागं,
तळाशी बोटभर काळं बसलंय.
संस्थेनं सहा नव्या आणल्यात, काचेच्या,
लाखेची कांडी, मेणबत्ती, काडेपेटी,
सगळं घाटावरच्या खोक्यात, कुलूप न लावता.
रात्री कोण जागणार त्याच्या पाळ्या लावल्यात.
आज माझी.
अडीच वाजून गेलेत.
पाणी अजून
पाण्यासारखं वास मारतंय.