तीन नंबरची खोली

माझ्या दुकानात फोनच्या सहा खोल्या होत्या,
काचेच्या, दाराला कडी नसलेल्या.
खुरिबगात तेव्हा आवाज नाण्यांनी मोजायचा.
दिरहम आत पडून इटलीतला माणूस
"आलो" म्हणेपर्यंत अर्धा संपलेला.

हद्दा दर शुक्रवारी यायची, कुसकुस वाफेवर ठेवून,
मुठीत नाणी घामेजलेली.
मिलूद तिकडे बेर्गामोत फरशा बसवायचा.
तीन नंबरची खोली तिची. मी पाठ करून बसायचो
आणि तरी सगळं ऐकायचो: दाढदुखी, भाडं, कोणाचं बारसं,
फॉस्फेटच्या गाडीखाली सापडलेला बोकड.

मग कंपनीने खिशाखिशात फोन पोचवले.
मला सांगायला साधा शिपाईही धाडला नाही.
चार खोल्या भंगारात गेल्या, एकीत कांदे भरले.
तीन नंबरची तेवढी ठेवली. का, ते विचारू नका.
म्हटलं, काळ आहे,
काळावर दावा कोण लावणार?

पुढे आवाज फुकट झाला.
हद्दा गच्चीत बसून मिलूदला
वाटाणे सोलून दाखवायची.
चालू फोनवर दोघं कधी कधी नुसतीच गप्प.
नाण्यांच्या दिवसांत
गप्प बसणं कोणाला परवडत होतं?

त्या हिवाळ्यात फोन लागेनासे झाले.
पडद्यावर गोल गोल फिरत राहायचं काहीतरी,
घाण्याच्या बैलासारखं.
राजधानीतून कागद निघाला होता:
विनापरवाना आवाजास मनाई.
मी तो मोठ्याने वाचला तेव्हा
न्हाव्याचा पोरगा म्हणाला,
"मग आमच्या गाढवाचं काय?"

रात्री टीव्हीवर कंपनीचे साहेब, गळ्यात टाय,
गळा काढून सांगत होते:
तारा आमच्या, मनोरे आमचे, खर्च आमचा,
आणि हे परके येऊन फुकट बोलू देतात,
आमच्या पोराबाळांनी खायचं काय?
ऐकता ऐकता माझा चहा निवला.
हे वाक्य माझं होतं.
मीच लिहिलं होतं अर्जात, तीन प्रतींत,
पोचपावतीवर शिक्का आहे अजून.
माझ्या अर्जाला उत्तर आलं नाही,
त्यांच्या अर्जाचा नियम झाला.

शुक्रवारी हद्दा आली. मुठीत नाणी.
"बूशाइब, तीन नंबर चालू आहे का?"
तार केव्हाच कापलेली. तसं सांगितलं.
तरी आत जाऊन उभी राहिली, दार ओढून घेतलं,
आणि मोबाइल तोंडाशी धरून
मिलूदसाठी निरोप बोलू लागली.
निरोपाला अजून बंदी नव्हती.
मी पाठ केली.
दोन वाक्यं बोलली: दाढ काढली. कांद्याचा वास येतोय इथं.
मग काहीच नाही.
अंगठा मात्र दाबलेलाच, चांगला मिनिटभर.
तेही गेलं असावं.

जाताना गल्ल्यावर एक दिरहम ठेवला तिने.
मी नको म्हणालो नाही.