चिंच

आमच्या मैदानाचा घेर दोनशे दहा मीटर.
त्याहून मोठा बसतच नाही.
एका अंगाला चॅपल, दुसऱ्या अंगाला पेठ रोड,
आणि चिंच ऐन वळणावर.
ती तोडायची नाही असा ठराव आहे,
अडतीस सालचा, जर्मन पाद्र्याच्या सहीचा.

नाताळाआधी चॅपलला सफेदी होते.
उरलेला चुना माझा.
मीच ग्रंथपाल, मीच क्रीडाशिक्षक,
डबडं तिरपं धरून उलट्या पावली चालतो.
पाच लेन होतात. सहावीपुरता चुना
आजवर उरलेला नाही.

जिजा भोये, सुरगाण्याकडची, बी.ए.चं दुसरं वर्ष.
"पाच हजार म्हणजे चोवीस फेऱ्या,
शेवटची चाळीस मीटर कमी."
ती आकडे धरत नसे. चिंच धरायची.
दर फेरीला खोडाला बोटं लावून पुढे.
सालीवर तळव्याएवढी जागा
गुळगुळीत झाली होती.

जानेवारीत विद्यापीठाच्या स्पर्धा.
गोदेपलीकडे मोठं मैदान, तांबडं, रबरी,
आठ लेन, मशीनने मारलेल्या.
मोठ्या कॉलेजांच्या पोरी एकसारख्या ट्रॅकसूटात.
जिजाच्या बनियनवर 'ल्यूथरन'
उजागरेबाईंनी रात्री जागून टाचलेलं,
त्यातला 'ल्यू' काखेत गेलेला.

"इथे साडेबाराच फेऱ्या," मी तीनदा बजावलं.
तिने तीनदा मान हलवली.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती सहावी,
आणि श्वाससुद्धा लागलेला नाही.
मी कठड्यावर चढून ओरडलो, काढ, आता काढ!
नेमकं तेव्हाच ओझरचं विमान
आभाळ फाडत डोक्यावरून गेलं.

सहावीच आली.
आणि थांबली नाही.

झेंडेवाले आडवे आले,
त्यांना वळसा घालून गेली.
पंच शिट्ट्या मारत राहिले.
मांडवात हशा. मीही हसलो असेन.
पलीकडच्या सरळ पट्ट्यात
एकटी, तशीच, एका लयीत,
मग हळू,
मग उभी.
चालत परत आली, चप्पल मागितली.

"चिंच आलीच नाही, सर."

परतीच्या बसमध्ये तिने दोन पेरू खाल्ले,
एक माझ्या हातात ठेवला.
मी निकालाच्या कागदामागे भागाकार करत बसलो,
काही जमेना.

सोमवारी सकाळी लेनमधला चुना
अर्धा दवाने गेलेला.
ती पळत होती.
एका फेरीला झाडाला हात लावी,
एका फेरीला नाही.

मला कळायला गुरुवार उजाडला.