के की आर

फोटो सापडला हळदीच्या पेढीवरच्या वह्यांत,
कोपऱ्यावर पिवळा अंगठा.
सन्मती मगदूम म्हणाला, सर, एवढं विमान ओळखून द्या,
फ्रेम करायचीय, खाली नाव घालू.

मिरजेच्या आयटीआयत मी एकतीस वर्षं टर्नर शिकवला.
विमानात कधी बसलो नाही.
पण पत्रा कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं
हे मला कागदावरूनही कळतं.

पंख डोक्यावर, एकच, टोकाकडं निमुळता.
नाकाची ठेवण अशी, की आत इंजिन उलटं टांगलेलं.
आधी वाटलं पुस मॉथ.
मग चाकाचा पाय पाहिला:
पुसचा वर जातो, पंखाच्या बुडख्याशी,
ह्याचा पुढं, इंजिनामागच्या पत्र्याला.
लेपर्ड मॉथ.
सन्मतीला मराठीत सांगितलं, बिबट्या पाकोळी,
तर हसला. म्हणाला, आमच्या आरगेच्या माळावर?

आरगेच्याच माळावर. मागं एक बाभूळ,
बाभळीपलीकडं छोट्या गाडीचा भराव.
मला वाटतं, बेळगावाकडून आलेला हा गडी
मिरजेवर रूळ चुकला,
पुण्याचे सोडून कुर्डुवाडीचे धरले
आणि पेट्रोल सरत आलं तसा खाली बसला.
हे मला वाटतं. फोटो असं काही म्हणत नाही.
फोटोत पायलट नाहीच.
सन्मतीचे पणजोबा आहेत, पंख्यावर हात ठेवून,
बाजारात बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.

आता नंबर.
व्ही, टी, आडवी रेघ, ए, एफ,
आणि शेवटच्या अक्षरासमोर एक बाई उभी.

पदराखालून अक्षराचा तिरका पाय तेवढा दिसतो.
के असेल, नाहीतर आर. दोघांचाही पाय असाच,
पुढं टाकलेला.
माझ्या वहीत दोन्ही आहेत.
के एका वादळात दोर तोडून उलथं पडलं.
आर लढाईत सरकारनं नेलं, परत दिलं नाही.

चार रात्री भिंग घेऊन बसलो.
सरक की गं जराशी, असं दोनदा तोंडातून गेलं,
आतून रत्नप्रभा म्हणाली, कुणाशी बोलताय?

बाईच्या कडेवर घागर.
भरलेली, कारण कंबर एका अंगाला गेलीय
आणि पायाशी मातीत ओला डाग.
बघत कॅमेऱ्याकडं नाही, नाकाकडं बघतेय,
कुठून ओतायचं ते शोधत.
तेव्हा उलगडलं.
सर्व्हिस मोटार तिनं पाहिलेली असणार,
चढाला तापली की पाणी मागणारी.
कुणी सांगितलं असेल, माळावर मोटार उतरलीय वरून,
ही विहिरीवरनं तशीच आली.
आणि हे इंजिन तर वाऱ्यावर गार होणारं.
ह्याला पाणी लागत नाही, बाई.
नव्वद वर्षांनी सांगतोय.

घागर चिंचेनं घासलेली, लखलखीत.
तिच्या पोटात अक्षर दिसेल, उलटं का होईना,
म्हणून फोटो मोठा करून आणला.
दिसल्या तीन तंगड्या
आणि काळ्या फडक्यात डोकं घातलेला माणूस, मुगाएवढा.
तांब्यात समोरचंच दिसणार,
एवढं माझ्यासारख्याला कळायला हवं होतं.

ही कोण, सन्मतीला विचारलं.
त्यानं घरी विचारलं, घरच्यांनी आरगेत.
पंख्यावरचा हात सगळ्यांना ठाऊक,
घागरीवरचा कुणालाच नाही.

खाली काय घालायचं ते लिहून दिलं:
लेपर्ड मॉथ. मौजे आरग. व्हीटी-एएफ,
पुढं टिंब नको, प्रश्नचिन्ह नको,
एका अक्षराची जागा मोकळी सोड.
फ्रेमवाल्याला ती छपाईची चूक वाटली,
त्यानं अक्षरं ओढून मधोमध बसवली.

काल पट्टी घेऊन दुकानात गेलो.
पाव इंच, म्हटलं, इथं.
इथं कुणीतरी उभं आहे.