अर्धा मीटर मखमल

चोळखण आळीच्या तोंडाशी माझं दुकान.
पाटीवर अजून वडिलांचंच नाव, शिनगारे टेलर्स,
आणि खाली, उन्हाने पुसट झालेलं,
'पाद्र्यांचे झगे वेळेवर मिळतील'.

ऑक्टोबर संपता संपता मिसेस डिमेलो आल्या.
लाल मखमल चार मीटर, जर, अस्तर,
आणि संताचं माप एका चिठ्ठीवर.
म्हणाल्या, चार तारखेला सण,
खांद्यात जरा सैल ठेवा, मिरवणुकीत पुतळा हलतो.

पुतळा मला ठाऊक आहे.
लांब नाक, गाल आत गेलेले.
किती उपास केले ह्याने
ते मूर्तिकारालाही झाकता आलं नाही.

वडील झगे शिवताना त्याची गोष्ट सांगत,
तोंडात टाचण्या, म्हणून अर्धे शब्द गिळलेले.
पोपचा भाचा. बाविसावं लागलं तेव्हा कार्डिनल.
वशिल्याचं तट्टू म्हणा, वडील म्हणत, खुशाल म्हणा,
पण ऐंशी वर्षं मिलानचे आर्चबिशप
मिलानबाहेरच राहत, वसूल तेवढा मागवत.
हा येऊन राहिला.
सुस्त मठांना शिस्त लावली, पाद्र्यांना शाळेत बसवलं,
पोरांना दर रविवारी धडे.
इतका जाच झाला त्याचा सगळ्यांना
की एका मठातल्याच माणसाने
संध्याकाळच्या प्रार्थनेत मागून गोळी झाडली.
झग्याला लागली. प्रार्थना थांबली नाही.
इथे वडील टाचण्या काढत तोंडातून:
"तो झगा मग कुणी रफू केला असेल रे?"

पुढे प्लेग.
तो सांगताना त्यांचा आवाज बसायचा,
कारण सत्त्याण्णव साली आमच्या घरातून
तिघांना संगमाकडे नेलं होतं,
परत आलं ते फक्त एक घंगाळ.

मिलानचे सरदार पळाले. हा थांबला.
अनवाणी हिंडला, गळ्यात दोर.
चौकाचौकात वेदी मांडली,
घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून.
आणि थंडी पडली तेव्हा
महालातले पडदे उतरवून
कात्रीखाली घातले.
हिरवे, जांभळे, लाल,
काल उघडी होती ती माणसं
राजाच्या भिंती अंगावर घालून फिरली.

मखमलीवर खडू ओढताना हेच डोक्यात.
शिंपी आईच्या कापडातलंही चोरतो म्हणतात.
मी संताच्या कापडातलं चोरलं.
अर्धा मीटर.
घेर थोडा कमी केला,
तसाही अंगाने बारीकच तो.

चर्चच्या फाटकावर गुणाजी लोंढे असतो, रात्रपाळीला.
एका कानाने बहिरा,
पहाटे चारला त्याचे दात वाजतात
ते त्याला स्वतःला अर्धेच ऐकू येतात.
त्याला कानटोपी शिवली, अस्तरासकट.

सणाला गुणाजी तीच घालून
मिरवणुकीला वाट करून देत होता,
हात पसरून, लालबुंद,
रिक्षावाल्यांना मागे सारत.
मिसेस डिमेलोंनी टोपीकडे पाहिलं,
मग झग्याकडे,
मग उगीचच बँडवाल्यांवर ओरडल्या.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो.
ती जाळीची पेटीसुद्धा म्हणे
ह्याच माणसाच्या हट्टाने आली.
फादर, चोरी केली.
कुणाची?
संताची.

जाळीपलीकडे फादर जेरोनिम बराच वेळ गप्प.
टोपी त्यांनीही पाहिली असणार.
मग तीन 'नमो मरिया' सांगितल्या, नेहमीच्याच आवाजात.
मी उठत होतो, एक गुडघा अजून फळीवर,
तेव्हा जाळीतून आलं:

"शिनगारे, कापड उरलंय का अजून?
मागच्या फाटकावर पण एक जण बसतो."