तारलीचा जबडा

बांगड्याचं डोकं तिनं तसंच टाकलं,
हे वेंगुर्ल्याच्या बंदरावर आधी सत्यवतीनं पाहिलं.
“जयवंता, तुझी तारली कालवण चाटता,
डोक्याक तोंड लावणा नाय.”
मी म्हटलं, माजली आहे.

मग चार दिवस बर्फाच्या पेट्यांमागे.
जांभई अर्ध्यावर तोडायची.
मान उजवीकडे कलवून चावायची,
आणि घास खाली पडला की त्याच्याकडे बघायची,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी.

तोंड उघडून पाहिलं.
पुढचे दात कणीएवढे, सुळे शाबूत,
सगळं जागच्या जागी.

कुडाळच्या मिठबावकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
वरून बघून मांजर कधी कळतं का?
सुई दिली. तारली ओल्या फडक्यासारखी सैल झाली.
गालाच्या आत पेराएवढी पट्टी सरकवली,
मला दाराबाहेर काढलं.
टक्, एवढाच आवाज.

पडद्यावर सगळं राखाडी,
ओहोटीला उघडं पडलेलं खडप.
“मुळाभोवती ही काळी रेघ दिसते? ती हवी.
इथे बघा, रेघच नाही.
मूळ हाडात विरघळत चाललंय.
वर दात उभा, खाली काही नाही.”

जेटीचे लाकडी खांब असेच जातात, मी म्हणालो,
वर डांबर चकचकीत, पाण्याखाली किड्यानं पोखरलेले.
बाई हसल्या.
मग त्यांचं पेन जबड्याच्या कडेवर थांबलं.
“आणि ही जुनी मोड. आपली आपण जुळलीय, जरा वाकडी.
पडली होती का कुठून?”

माडावरून, मी म्हणालो.

लिलाव चालू होता. सुरमई सात किलोची.
टोपलीच्या काठाशी एक राखी मांजर,
तेव्हा तिला नाव नव्हतं.
माझ्या हातात पाव किलोचं वजन होतं.
नंतर ते जाळ्यांखालून शोधून आणलं,
धुतलं,
मासळी बरोबर तोलली.

महिन्याभरानं ती होडीखाली येऊन बसली, रोडावलेली.
मीच पेडवे टाकले.
बायका म्हणाल्या, जयवंताचा जीव मऊ.
मीही तसंच धरून चाललो.

तीन दात काढले.
आता बांगडा उकडतो, काटे वेचतो,
बोटांनी कुस्करून ठेवतो.
मान सरळ ठेवून खाते.
फोटोची फिल्म मागून आणली होती,
ती वजनांच्या पेटीत आहे, पाव किलोच्या खाली.

खाऊन झालं की माझ्या घोट्याला जबडा घासते.
त्याच बाजूचा.