अखर्चित शिल्लक

पत्र आलं: तुमचे मासळी सुकवण्याचे माचे
उपग्रहाच्या नकाशावर समुद्रात दिसतात.
सात दिवसांत खुलासा करावा.

मी संस्थेची सचिव. बारावी पास, मराठी टायपिंग चाळीस.
खुलासा लिहायला बसले तर
खिडकीतून माचे दिसत होते,
माच्यांवर जवळा, जवळ्यावर कावळे,
आणि कावळ्यांवर खेकसणारी
फुलवंती चोगले, खजिनदार.

मंजूर चोवीस. बांधले तेवीस.
चोविसाव्याचे बांबू दाभोळच्या फेरीबोटीतून उतरले
तेव्हा एकतीस मार्चची संध्याकाळ झाली होती.
पूर्वी पैसे खात्यात पडून असायचे,
बर्फातल्या सुरमईसारखे.
आता नियम बदललाय. पैसा वरच राहतो,
बिल चढवलं की तेवढाच उतरतो,
आणि वर्ष संपलं की उरलेली मर्यादा
शून्य.
फुलवंतीला समजावलं. ती म्हणाली,
म्हंजे ताजा घ्यायचा नि ताजा खपवायचा.
आमी येगलं काय करतो?

जुन्या खात्यावर व्याज निघालं, सदतीस रुपये.
ते शासनजमा करायला
दापोलीला जाऊन-येऊन एकशे वीस.
हे एकशे वीस कुठल्या शीर्षाखाली?
तीनदा विचारलं.
तीनदा उत्तर आलं, अनुज्ञेय नाही.

मग वैजापूरकर आले, तपासणीला.
बूट हातात, पँट पोटरीपर्यंत.
माच्यात उभे राहून फोन एकदा वर धरला, एकदा खाली;
निळा ठिपका पाण्यातच.
पायाखाली मात्र कोरडी वाळू, खेकड्यांची बिळं.
सायब, फुलवंती म्हणाली,
तुमच्या नकाशात भरती हाय.
त्यांनी बराच वेळ विचार केला
आणि शेऱ्यात लिहिलं:
स्थळपाहणीअंती ओहोटी.

व्हाउचर सतरावर पुन्हा थांबले.
बांबू, काथ्या, मजुरी: १८४००.
चार आणि शून्याच्या मधे काहीतरी चमकत होतं.
खाडाखोड? व्हाइटनर?
नखाने खरवडलं. निघेना.
चष्मा कपाळावर सरकवून वास घेतला.
खवला.
इथे सही लागेल, म्हणाले.
फुलवंतीने पदराला हात पुसले
आणि बचतगटात शिकलेली सही केली,
'फु' जरा मोठा, बाकीची अक्षरं त्याच्या मागे धावत.

चहा घेतला त्यांनी. जवळा नको म्हणाले,
भेटवस्तूच्या कलमात येतो.
जाताना मात्र विचारलं, किलोचा भाव काय.

पावसाआधी उपयोगिता प्रमाणपत्र गेलं.
सगळं स्कॅन करून, दोन मेगाबाइटच्या आत.
आज मुख्यालयाची विचारणा आलीय:
व्हाउचर सतरामध्ये १८४ नंतर दशांश चिन्ह दिसते.
खर्च एकशे चौऱ्याऐंशी रुपये धरून
उर्वरित रक्कम व्याजासह वसूल का करू नये?
सात दिवस.

फुलवंतीला हाक मारली.
तिचे हात
कोपरापर्यंत जवळ्यात होते.